उंचीच्या आकड्याशेजारी तिचं शून्यही लिहा

बडोद्यात मोजणीचे नकाशे मागवणाऱ्या, तपासणाऱ्या आणि त्यांवर सही करणाऱ्या इंजिनिअर-आर्किटेक्ट मंडळींना खुलं पत्र

स.न.वि.वि.

पाऊस लागला की आपल्या घराघरांत दोन आकडे फिरू लागतात. आजवा तलावाची पातळी किती आणि काला घोड्याच्या पुलाजवळ विश्वामित्री किती. आजवा दोनशे बारा फूट, विश्वामित्री अठरा फूट. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातल्या आजींनाही ठाऊक असतं की या दोन आकड्यांची एकमेकांशी वजाबाकी करायची नसते. आजवा दोनशे बारा म्हणजे तलावात दोनशे बारा फूट पाणी साठलंय असं नाही, आणि नदीचे अठरा फूट हे पुलाजवळच्या पट्टीवरचे. दोघांची शून्यं वेगळी आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये काला घोड्याचा आकडा ३५ फुटांच्या वर गेला तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही, कारण २६ फुटांना धोका ही खूण सगळ्यांच्या डोक्यात पक्की होती.

आपण जे नकाशे काढतो त्यांवर मात्र ही शून्याची खूण बहुतेक वेळा नसते. आर.एल. (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे ठरावीक शून्यापासूनची उंची) ३६.४२० असं तीन दशांशांपर्यंत लिहिलेलं असतं, पण हे ३६ मीटर कुठून मोजले त्याबद्दल चकार शब्द नसतो. मी सर्व्हेयर आहे. कलाभवनात शिकलो, डम्पी लेव्हल आणि थिओडोलाइटवर हात बसवला, आणि गेली पंधराएक वर्षं सॅटेलाइटवरून जागा आणि उंची काढणाऱ्या डीजीपीएसवर काम करतोय. या पत्रातलं माझं मागणं एकच आहे. ज्या नकाशावर उंचीचा उगम लिहिलेला नाही त्यावर सही करू नका. माझा नकाशा असला तरी करू नका.

हे मी का सांगतोय ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी शहराच्या पूर्वेकडे एका वसाहतीसाठी पावसाळी गटाराची लाइन टाकायची होती. लांबी ६२० मीटर, उतार हजारास एक, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकूण ६२ सेंटीमीटरचा उतार. बडोद्याच्या सपाट जमिनीत याहून जास्त उतार मिळायचा तरी कुठून? वरच्या टोकाकडचा प्लॉट मी मोजला होता, खालच्या टोकाकडचा दुसऱ्या एका एजन्सीने. माझी लेव्हल जुन्या जी.टी.एस. बेंचमार्कवरून, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या मोजणीत उंची ठरवलेल्या पक्क्या खुणेवरून, आणलेली होती. त्यांची डीजीपीएसच्या कंट्रोलरमध्ये (हातातल्या पडद्याच्या यंत्रात) असलेल्या जागतिक जिऑइड मॉडेलवरून, म्हणजे समुद्रसपाटीच्या गणिती अंदाजावरून, थेट आलेली. दोन्ही नकाशांवर फक्त ‘आर.एल.’ एवढंच लिहिलेलं. डिझाइन करणाऱ्याने दोन्ही नकाशे एका फाइलमध्ये जोडले. रस्त्याच्या कडेला आकडे जुळेनात, तेव्हा ‘डीजीपीएसमध्ये एवढं इकडेतिकडे होतंच’ म्हणून मधल्या मध्ये लेव्हल जुळवून घेतली. लाइन पडली, रस्ता झाला, लोक राहायला आले. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी चेंबरमधून उलटं वर आलं.

मला बोलावलं ते दिवाळीनंतर. मी ऑटो लेव्हल (दुर्बिणीतून उंचीतला फरक मोजायचं यंत्र) लावली आणि बेंचमार्कपासून खालच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. क्लोजिंग, म्हणजे पहिल्या खुणेवर परत आल्यावर उरणारी तफावत, ७ मिलिमीटरमध्ये बसलं. एवढ्या फेरीला १२√के च्या नियमाने (के म्हणजे किलोमीटरमधलं अंतर) १३ मिलिमीटर चालतात, म्हणजे काम चोख होतं. दोन नकाशांच्या उंचीत ५४ सेंटीमीटरचा फरक निघाला. ६२ मधून ५४ गेले, उरले आठ. सव्वाशे गाळ्यांचं पावसाचं पाणी आठ सेंटीमीटरच्या उतारावर जायचं होतं. शेवटच्या घरातल्या बाईंनी मला स्वयंपाकघर दाखवलं. ओट्याखालच्या कप्प्याला पाण्याची करडी रेघ उमटलेली होती, आणि पिठाचे डबे त्यांनी तेव्हापासून कायमचे वर माळ्यावर ठेवले होते.

त्या दोन नकाशांपैकी माझ्या नकाशातले आकडे बरोबर होते. पण त्यांवर बेंचमार्कचं नाव नव्हतं, आणि ते असतं तर डिझाइन करणाऱ्याच्या नजरेला ही गोष्ट पहिल्याच दिवशी पडली असती. तेव्हापासून मी ठरवलं की नोंदीशिवाय नकाशा द्यायचा नाही. ज्याला ती नोंद वाचायची आहे आणि नसेल तर मागायची आहे तो माणूस टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. डीजीपीएस घेऊन बडोद्यात उभे राहिलात आणि कंट्रोलरमध्ये कुठलंही जिऑइड मॉडेल लावलेलं नसेल, तर पडद्यावर उंची उणे येते. उणे २१, उणे २२, अशी. नव्याने काम शिकणारी मुलं घाबरतात, मशीन बिघडलं म्हणून फोन करतात. मशीन अगदी बरोबर सांगत असतं. सॅटेलाइटवरून येणारी उंची ही डब्ल्यूजीएस-८४ नावाच्या गणिती गोळ्यापासूनची असते. पृथ्वीचा आकार हिशोबात बसावा म्हणून घेतलेला तो गुळगुळीत, ध्रुवांकडे जरा चपटा गोळा आहे. समुद्र त्याला माहीत नाही. समुद्राचं सरासरी पाणी कालवे खणून थेट इथवर आणलं असतं तर ते ज्या पातळीला स्थिर झालं असतं, त्या पृष्ठभागाला जिऑइड म्हणतात, आणि आपली आर.एल. त्यापासून मोजायची असते. भारतात हा जिऑइड गोळ्याच्या बराच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर तो शंभर मीटरहून जास्त खाली जातो. जगातला सगळ्यात खोल खड्डा तिथेच आहे. त्याची उतरण आपल्यापर्यंत पोचते, आणि बडोद्यात हा फरक साठ मीटरच्या जरा अलीकडे येतो. शहराची जमीन समुद्रसपाटीपासून पस्तीस-चाळीस मीटरवर, त्यातून ते अठ्ठावन्नच्या आसपास वजा झाले की पडद्यावर उणे आकडा दिसणारच.

हा साठ मीटरचा फरक कुणाला फसवत नाही, कारण तो डोळ्यांत भरतो. फसवतात ते त्याच्यावरचे उपाय. एक उपाय म्हणजे ‘सरळ अठ्ठावन्न मिळवा’. एका प्लॉटपुरतं हे निभावून जाईल. पण जिऑइड ही तिरपी पडलेली चादर आहे. किलोमीटरमागे सेंटीमीटर, कधी दोन सेंटीमीटर असा तिचा कल असतो. दहा-बारा किलोमीटरच्या कालव्याला किंवा रिंग रोडला एकच आकडा मिळवला तर शेवटच्या टोकाला वीतभर चूक जमा झालेली असते. दुसरा उपाय कंट्रोलरमधून ईजीएम-९६ किंवा ईजीएम-२००८ निवडण्याचा. ही मॉडेलं साऱ्या जगासाठी केलेली आहेत. दोघांची उत्तरं एकमेकांशीही जुळत नाहीत, आणि आपल्या जमिनीतल्या बेंचमार्कशी जुळतील याची हमी तर मुळीच नाही. भारताच्या बेंचमार्कांची पातळी १९०९ मध्ये ठरवली गेली, कराचीपासून फॉल्स पॉइंटपर्यंतच्या नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून. जागतिक मॉडेलचं ‘समुद्रसपाटी’ आणि त्या नऊ बंदरांची ‘समुद्रसपाटी’ यांत अर्धा मीटर सहज पडतो. माझ्या गटाराचे ५४ सेंटीमीटर इथेच गेले होते.

तिसरा उपाय मी स्वतः पाहिला, तो रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची उंची घेऊन तिथल्या रस्त्यावर बेस (डीजीपीएसचं एका जागी स्थिर ठेवायचं यंत्र) लावण्याचा. पाटीवरचा आकडा खरा असतो, पण तो नेमका कुठल्या दगडाचा हे पाटी सांगत नाही. प्लॅटफॉर्मचा, रुळाचा की पाटीच्या पायाचा? त्या गोंधळातच मीटरभर जातो.

खरा उपाय जुना आणि कष्टाचा आहे. साइटवर किंवा जवळ दोन, जमलं तर तीन बेंचमार्क घ्यायचे, ऑटो लेव्हलने त्यांची उंची साइटवर आणायची, त्याच बिंदूंवर डीजीपीएस लावायचं आणि मॉडेलचा फरक तिथे बघून दुरुस्ती करायची. सॅटेलाइटला गुरुत्वाची दिशा कळत नाही. ऑटो लेव्हलमधला बुडबुडा त्याच दिशेने बसतो, आणि पाणीही त्याच दिशेने वाहतं. ज्या कामात पाणी आहे त्या कामात बुडबुड्याला डावलून चालणार नाही.

बेंचमार्क म्हटलं की एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. नव्या कंपाउंड वॉलवर लाल रंगाने ‘टी.बी.एम.’ (तात्पुरता बेंचमार्क) लिहून ठेवलेली खूण मे महिन्यात आणि सप्टेंबरमध्ये एकाच उंचीवर असेल असं गृहीत धरू नका. मी अशा एका भिंतीवर तीन ऋतूंत तीन वेगळे आकडे घेतलेत. टी.बी.एम. द्यायचाच तर जुन्या, खोल पायाच्या इमारतीच्या जोत्यावर द्या. सयाजीराव महाराजांच्या काळातल्या दगडी इमारती आपल्या शहरात काही कमी नाहीत. जी.टी.एस.च्या खुणाही अशाच बघून ठेवलेल्या असायच्या, पुलाच्या कठड्यावर, पक्क्या पायरीवर, बाणाची खूण कोरून. रस्ता रुंद करताना त्या पायऱ्या उखडल्या जातात. उखडण्याआधी शेजारी नवी खूण देऊन तिची लेव्हल घेणं अर्ध्या तासाचं काम आहे. रस्त्याच्या कंत्राटात तेवढी एक ओळ घाला.

उंचीतल्या छोट्या चुका बहुतेक माणसाच्या हातून होतात. अँटेनाचा पोल २ मीटरचा केला आणि कंट्रोलरमध्ये १.८ राहिला, की सगळ्या साइटची जमीन २० सेंटीमीटर वर. अँटेनाची उंची तिच्या बुडापर्यंत मोजली आणि सॉफ्टवेअरने ती फेज सेंटरपर्यंतची (अँटेनात सिग्नल जिथे धरला जातो त्या बिंदूपर्यंतची) धरली, की आठ-दहा सेंटीमीटर गेले. ही चूक ओळखता येते, कारण ती सगळीकडे सारखी असते.

तपासताना पहिल्यांदा फरकाची चाल बघायची, हे तुम्हीही टेबलावर बसून करू शकता. दोन नकाशांतला फरक सगळ्या बिंदूंवर सारखाच असेल, तर बेसच चुकीच्या जागी बसलाय किंवा उंची चुकीची भरलीय. बेस ‘आत्ता आहे तिथे’ म्हणून चालू केला की तो स्वतःची जागा काही मीटरने चुकवतो. मग साऱ्या साइटचा आकार अचूक येतो, पण साइटच शेजारच्या सर्व्हे नंबरात सरकलेली असते. दोन कोपऱ्यांमधलं अंतर टेपशी जुळतं म्हणून नकाशा बरोबर, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. फरक शंभरएक मीटरचा असेल, तर कुणीतरी जुन्या टोपोशीटचे अक्षांश-रेखांश नव्यात मिसळलेत. जुन्या शीट्स एव्हरेस्टच्या गोळ्यावर काढलेल्या आहेत. तो गोळा भारताच्या मापाने केलेला, मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूरला बांधलेला, आणि त्याची त्रिज्या डब्ल्यूजीएस-८४ पेक्षा आठशेहून जास्त मीटरने कमी. बडोद्यात दोन्हींमधली जागेची सरक साधारण शंभरएक मीटरच येते. फरक किलोमीटरांत असेल, तर २२ अंश १८ मिनिटं कुणीतरी २२.१८ अशी भरली आहेत. ते खरं २२.३० आहे, तेरा किलोमीटर गेले.

आणि फरक अंतराबरोबर वाढत असेल, तर तो प्रोजेक्शनचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याच्या पद्धतीचा. याचा धडा मला इंदूरला मिळाला. बडोद्यात इतकी वर्षं यूटीएम या प्रोजेक्शनवर काढलेलं अंतर आणि जमिनीवर टेपने मोजलेलं अंतर जवळजवळ एकच यायचं, किलोमीटरमागे तीनएक सेंटीमीटरचा फरक. मी तो नियमच समजून बसलो होतो. इंदूरला एका औद्योगिक प्लॉटच्या कामावर टोटल स्टेशन (जमिनीवर कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) आणि नकाशा यांत किलोमीटरमागे ३८ सेंटीमीटरचं अंतर पडायला लागलं. प्रिझम बदललं, तापमान-दाब पुन्हा भरला, दोन दिवस गेले. यंत्रं दोन्ही ठीक होती. आपला यूटीएमचा ४३ वा पट्टा ७५ रेखांशावर मधोमध आहे, आणि त्या मधल्या रेषेवर नकाशा मुद्दाम दहा हजारांत चार इतका आखूड केलेला असतो. रेषेपासून एकशेऐंशी किलोमीटरवर तो पूर्ववत होतो. बडोदं नेमकं त्या अंतराच्या आसपास, म्हणून आपल्याला फरक दिसत नाही. इंदूर मधल्या रेषेच्या जवळ, शिवाय साडेपाचशे मीटर उंचीवर, आणि उंचीवरचं अंतर खाली गोळ्यावर आणलं की तेही आखूड होतं, त्यामुळे तिथे दोन्ही कारणं एकाच दिशेने जमा होतात. बडोद्याहून इंदूर-देवासला कामाला जाणारी आपली मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्या वर्क ऑर्डरमध्ये ‘अंतरं जमिनीवरची की ग्रिडवरची (म्हणजे नकाशावरची)’ हे स्पष्ट लिहा.

फरक कधी इथे, कधी तिथे, काही ताळमेळच नसेल, तर आकाश बघा. बडोद्याचं नाव वडावरून पडलं, आणि वडाखाली डीजीपीएस खोटं बोलतं. पडद्यावर ‘फिक्स’, म्हणजे जागा पक्की झाली, असं लिहून येतं, दोन सेंटीमीटरची अचूकता दाखवतं आणि बिंदू अर्धा मीटर बाजूला असतो. पत्र्याच्या शेडजवळ, काचेच्या इमारतींमध्ये हेच. अशा जागी एक रीडिंग घेऊन पुढे जायचं नाही. रोव्हर (डीजीपीएसचं फिरवायचं यंत्र) पुन्हा पहिल्यापासून लॉक करायचं, तासाभराने परत यायचं, आणि दोन्ही वेळा तोच आकडा आला तरच धरायचा. नाहीतर मोकळ्यात दोन बिंदू घेऊन टोटल स्टेशनने आत जायचं.

आणखी एक, खास आपल्या भागाचं. विषुववृत्तावरच्या आयनोस्फिअरमधला (वातावरणाच्या वरच्या भारित थरातला) विद्युतभार उत्तरेला सरकून जिथे सगळ्यात दाट होतो तो पट्टा गुजरातवरून जातो. त्यामुळे दुपारी सिग्नलला जास्त उशीर लागतो, आणि मार्च-एप्रिल, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्य मावळल्यानंतर तो इतका थरथरतो की फिक्सचं फ्लोट (नुसती अंदाजी जागा) होतं आणि तासन् तास परत येत नाही. सूर्यावरची हालचाल वाढलेल्या वर्षांत हे फार जाणवतं. २०२४ मध्ये जाणवलं. ‘ऊन उतरल्यावर कर’ असं आपण मुलांना मायेने सांगतो, पण या महिन्यांत डीजीपीएसने उंची घेण्याचं काम सकाळीच उरकू द्या. बेस लांब असेल तर नक्कीच.

कॉर्सबद्दल, म्हणजे कायम चालू असलेल्या बेस स्टेशनांबद्दल, थोडक्यात. सर्व्हे ऑफ इंडियाचं कॉर्स जाळं आता देशभर आहे आणि ते वापराच. त्याने बेस चुकीच्या जागी बसण्याची चूक जवळजवळ नाहीशी होते. फक्त एवढं ध्यानात ठेवा की भारताची भूपट्टी दर वर्षी पाचएक सेंटीमीटर ईशान्येला सरकते. इंटरनेटवर फाइल पाठवून आजच्या तारखेची जागा काढली, आणि कॉर्सची जागा जुन्या ठरवलेल्या तारखेची असली, तर वीस वर्षांच्या फरकात मीटर होतो. दोघांपैकी एकही चूक नसतो. तारीख लिहिलेली नसणं ही चूक.

म्हणून नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एवढं मागा: बेंचमार्क कोणता, त्याची धरलेली उंची किती, तो कुणी आणि कधी तपासला, जिऑइड मॉडेल वापरलं असेल तर त्याचं नाव आणि बेंचमार्कवर मिळालेला फरक, डेटम (कुठला गोळा धरला), यूटीएमचा पट्टा आणि तारीख, अंतरं ग्रिडची की जमिनीची. हे लिहायला दहा मिनिटं लागतात. ते खरं असायला मात्र लेव्हलिंगचा एक दिवस लागतो, आणि तो दिवस आज कुणी देत नाही. दर हेक्टरवर ठरतो, डीजीपीएसवाला एका दिवसात वीस हेक्टर मारतो, आणि लेव्हल लावणाऱ्याचे दोन दिवस सगळ्यांना वायफळ खर्च वाटतात. सर्व्हेयरने फुकट करावं अशी अपेक्षा असेल तर तो करणार नाही, आणि कोपऱ्यात खोटी नोंद लिहील. अंदाजपत्रकात लेव्हलिंग वेगळी बाब म्हणून दाखवा आणि तिचे पैसे द्या. फील्डबुकची पानं मागा. बॅकसाइट-फोरसाइटची (लेव्हलच्या मागच्या-पुढच्या वाचनांची) बेरीज स्वतः करून बघा. त्या बेरजेत लपवाछपवी करता येत नाही.

विश्वामित्रीच्या दोन्ही काठांवर, भूखी आणि इतर कांसांवर (पावसाळी नाल्यांवर), पुढच्या काही वर्षांत खूप खोदकाम, भिंती, गटारं होणार आहेत. प्रत्येक तुकडा वेगळी एजन्सी मोजेल. हे तुकडे एकमेकांना जिथे भेटतात तिथला एक बिंदू दोघांनीही घ्यावा आणि दोघांचे आकडे एकाच कागदावर लिहून द्यावेत, एवढी अट तुम्ही आजपासून घालू शकता. त्यासाठी कुठल्या परिपत्रकाची वाट बघायला नको.

मी माझ्याकडून एवढं करतो. पावसाळा लागेपर्यंतच्या रविवारी सकाळी सात ते दहा मी माझी ऑटो लेव्हल घेऊन मोकळा आहे. ज्यांना आपल्या साइटचा टी.बी.एम. तपासून घ्यायचा आहे त्यांनी आधी कळवावं. पैसे नकोत. स्टाफ (लेव्हलची उभी मोजपट्टी) धरायला एक माणूस आणि जुना नकाशा सोबत आणा.

आपला,
एक सर्व्हेयर
दांडिया बाजार, बडोदे